वारा अडवायची नोकरी

सुरूच्या झाडाखाली काड्या कशा साठतात, ते केळव्याला गेलेल्या माणसाला सांगायला नको. झाडून होईपर्यंत आणखी पडलेल्या असतात. आमच्या त्या दिवसांतल्या गोष्टींचं तसंच आहे. परवा घरी चार मित्र जमले होते. एकानं विचारलं, "साठ सालानंतरच्या त्या वर्षांत तू पालघरला नेमकं करत काय होतास?"

मी म्हटलं, "वारा अडवत होतो."

सगळे हसले. हसोत बापडे, पण माझ्या नेमणुकीच्या कागदावर जवळजवळ हेच लिहिलेलं होतं!

कचेरी पालघरला आणि काम केळव्याच्या उत्तरेला, किनाऱ्यालगतच्या एका वाडीत. आधी समुद्र, मग वाळू, आणि वाळूच्या मागे कोरडवाहू शेतं. पावसाळ्यात नाचणी, पाऊस सरला की उरलेल्या ओलीवर वाल. विहिरीचं पाणी मचूळ, म्हणजे वरून शिंपायची सोय नाही. वाल फुलावर आले की दुपारचा खारा वारा सुटायचा, फुलं करपायची आणि बांध ओलांडून वाळू आत यायची. तर किनाऱ्याला समांतर सुरूच्या तीन ओळी लावायच्या, म्हणजे वाऱ्याचा जोर त्या झाडांत मोडेल आणि मागची शेतं वाचतील, अशी योजना होती. कागदावर तिचं नाव 'वातरोधक पट्टा'. गावात नाव 'साहेबाचं कुंपण'.

साहेब म्हणजे नाडकर्णीसाहेब. पुस्तकं वाचून आलेला, उन्हानं लाल होणारा, अत्यंत सज्जन माणूस. त्यांच्या हाताखाली मी, आणि राखणीला बेटेगावच्या पलीकडच्या पाड्यावरचा लखमा. एवढंच आमचं सैन्य.

•

पट्ट्यासाठी जमीन हवी होती ती गोविंदकाकांची. पन्नाशीचा माणूस, आवाज असा की इकडे बोलले तर होडीवर ऐकू जावं. साहेबांनी त्यांच्या अंगणात फळा उभा केला, समुद्र काढला, झाडं काढली, बाण काढले आणि सांगितलं, "झाडाची जेवढी उंची, तिच्या पंधरा पट अंतरापर्यंत वारा मंदावतो."

गोविंदकाकांनी विचारलं, "झाड दाखवा बघू."

साहेबांनी पिशवीतून रोप काढलं. वीतभर होतं. गोविंदकाका ते घेऊन शेताच्या कडेला गेले, रोप वाळूत खोचलं आणि तिथून वितीनं जमीन मोजायला लागले. पंधरा विती झाल्यावर उठले, हात झटकले.

"साहेब, माज्या पाच वालांचं कल्यान झालं. बाकीच्यांचं कधी?"

साहेब म्हणाले, "तीन वर्षं द्या."

ही तीन वर्षं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू झालं होतं आणि एका ठेकेदाराचा मुकादम सायकल घेऊन गोविंदकाकांच्या मागे लागला होता. गावातल्या माणसांना हाक मारली की ऐकू जाईल असा मजुरांचा टोळीवाला त्याला हवा होता. गोविंदकाकांनी पट्ट्याला जमीन दिली, पण आमच्यासमोरच मुकादमाला सांगून टाकलं, "तीन वर्सं थांब. ह्यांच्या झाडानं वाल वाचलं तर माजी शेती. नाय वाचलं तर कुदळ ठेवतो आनि येतो तुज्यासंगं."

मुकादम म्हणाला, "ठीक है, गोविंदभाई. मैं हर साल आके पूछूँगा."

आणि तो खरंच दर वर्षी येत राहिला. ती सायकलची घंटा ऐकली की मी झाडांची उंची मोजायला धावायचो.

•

लावणीच्या दिवशी दोरी हरवली. म्हणजे हरवली नव्हती, कुणाच्या तरी होडीला बांधलेली होती आणि होडी समुद्रात होती. दोन रोपांत अंतर सहा फूट ठेवायचं. पावलांनी मोजावं तर लखमाचं पाऊल लांब, माझं आखूड. पाऊस पडत होता, रोपं वाट बघत होती.

लखमानं साहेबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साहेब, तुमी किती फूट?"

"पाच फूट आठ इंच."

"टोपी घालून?"

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि सरळ वाळूत आडवे झाले. टोपीच्या टोकाशी एक काठी, बुटाशी दुसरी. उठायचं, पुढे जायचं, पुन्हा आडवं व्हायचं. अशी अख्खी ओळ झाली. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतली झाडं पहिलीच्या मधोमध यायला हवी होती, म्हणून साहेब तिथे अर्ध्या अंगानं सरकून झोपले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या पाठीवर अर्धा किनारा होता.

कोळीवाड्यातली हिरूबाय टोपली घेऊन चालली होती. बोंबील सुकवणाऱ्या बायकांची ती पुढारी. साहेबांना आडवं पाहून थांबली आणि घाबरून लखमाला विचारलं, "काय रं, साहेबाला काय झालं?"

"काय नाय झालं," लखमा म्हणाला. "अजून चाळीस साहेब बाकी हायत."

•

पहिल्या वर्षी झाडं गुडघ्याएवढी झाली आणि गोविंदकाकांचे वाल नेहमीसारखे करपले. मुकादम आला, शेत पाहिलं, बोटानं 'एक' केलं आणि गेला.

त्यात शेळ्या. सुरूचा कोवळा शेंडा शेळीला फार आवडतो. लखमा एका टोकाला हाकलायचा तोवर दुसऱ्या टोकाला न्याहारी चालायची. आम्ही काटेरी फांद्या लावल्या, तर शेळ्यांनी आधी त्या खाल्ल्या.

आणि एके सकाळी बघतो तर पहिल्या ओळीतल्या प्रत्येक झाडावर बोंबील! प्रत्येक फांदीला एक एक जोडी, जबड्यात जबडा अडकवून, अगदी मन लावून टांगलेली. कोळीवाड्याच्या बांबूच्या वलांड्या त्या दिवशी भरल्या होत्या, म्हणून हिरूबायनं उरलेला माल आमच्या झाडांवर सुकत घातला होता.

मी ओरडलोच. "हिरूबाय, ही सरकारी झाडं आहेत!"

"माहीत हाय. तुमीच बोललांत ना, लोकांसाठी हायत म्हनून? मी लोक नाय?"

बोंबील सुकेपर्यंत तसेच राहिले. पण गंमत अशी, की त्यानंतर शेळ्यांनी पहिल्या ओळीला तोंड लावलं नाही. यायच्या, हुंगायच्या, नाक मुरडून दुसऱ्या ओळीकडे जायच्या. साहेब खूश झाले. त्यांनी वरच्या कचेरीला दोन पानी टिपण पाठवलं: बोंबलाच्या वासामुळे रोपांचं शेळ्यांपासून संरक्षण होतं, सोबत नमुना जोडला आहे. नमुना म्हणजे सुक्या बोंबलांचं एक पुडकं.

महिन्यानं उत्तर आलं. "नमुना मिळाला. अभ्यासास अपुरा पडला. आणखी पाठवावा."

पाठवला. पुन्हा उत्तर आलं. "अभ्यास चालू आहे. ह्या वेळी थोडे जाड पाठवावेत."

•

ह्याच काळात मुंबईहून केळव्याला हवा खायला आलेलं एक जोडपं फिरत फिरत आमच्याकडे आलं. सुरूचं लहान झाड नाताळच्या झाडासारखं दिसतं. त्यांनी एक मुळासकट उपटलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि टांग्यात बसून स्टेशनकडे निघाले. लखमाला खड्डा दिसला, टांग्याच्या चाकोऱ्या दिसल्या, आणि तो पळत केळवे रोड स्टेशनवर पोचला. गाडी यायची होती.

मला वाटलं होतं, हा झाड हिसकावून आणणार. लखमा रिकाम्या हातानं परत आला.

"झाड कुठे?"

"दिलं."

"दिलं?"

"मुळं सुकलेली, भाऊ. परत लावून काय उपेग? त्यांना बोललो, जगवा आता. रोज पानी घाला आनि मला कागद पाठवा, जगलं का मेलं."

आणि कागद यायला लागले! दर महिन्याला एक पोस्टकार्ड, 'श्री. लखमा, झाडांचे राखणदार, पालघर' अशा पत्त्यावर. लखमाला वाचता येत नसे, मी वाचून दाखवायचो. "झाडाला नवी फूट आहे." "झाड मोठ्या कुंडीत हलवले." "शेजारच्यांची तक्रार आहे." लखमा दर वेळी मान डोलवायचा आणि कार्ड कनवटीला लावायचा.

दीड वर्षानं कार्ड आलं: "झाड गॅलरीच्या छताला लागले आहे. काय करावे ते कळवावे."

लखमानं मला उत्तर सांगितलं, मी लिहून पाठवलं. एकच ओळ.

"छत काढा."

•

दुसऱ्या वर्षी झाडं माणसाच्या डोक्यावर गेली आणि आम्ही छाती पुढे काढून हिंडायला लागलो. तेवढ्यात लक्षात आलं, की गोविंदकाकांच्या शेतात मधोमध एक पट्टा करपलाय. डावीकडे वाल बरे, उजवीकडे बरे आणि मध्ये बैलगाडीएवढ्या रुंदीची काळी रेघ, थेट त्यांच्या ओटीपर्यंत.

चूक आमचीच. कोळीवाड्याला किनाऱ्यावर जायला वाट हवी होती, म्हणून साहेबांनी तिन्ही ओळींत दहा फुटांची सरळ फट सोडलेली. दोन्ही बाजूंनी अडलेला सगळा वारा त्या फटीतून घुसत होता. आधी निदान पसरून यायचा, आता नेम धरून यायला लागला. गोविंदकाका म्हणाले, "भाऊ, तुमी वाऱ्याला दार करून दिलंत. आता पाट पन मांडा बसायला."

वाट तिरकी वळवावी, म्हणजे वाऱ्याला आरपार दिसणार नाही, असं साहेबांनी ठरवलं. पण हिरूबाय ऐकेना. डोक्यावर टोपली घेऊन वाकडं कोण चालणार? गोविंदकाकाही हट्टाला पेटले. दोघांचं कडाक्याचं वाजलं आणि बोलणंच बंद झालं.

मग हिरूबायच्या पुतण्याचं लग्न आलं. वरात त्याच वाटेनं, भर दुपारी. पुढे बाजा, मागे नवरदेव, नवरदेवावर छत्री, छत्री धरलेला मामा. मामा अंगानं किरकोळ. वरात फटीत शिरली मात्र, आणि छत्री उलटी झाली. मामानं मर्दासारखी दांडी सोडली नाही, त्यामुळे छत्रीबरोबर मामाही निघाला. बाजावाल्यांना वाटलं मामा नाचतोय, त्यांनी ठेका वाढवला. नाचत नाचत मामा वालाच्या शेतात जाऊन बसला, छत्री गोविंदकाकांच्या ओटीवर आणि नवरदेवाची टोपी त्यांच्या चुलीपाशी.

गोविंदकाकांनी टोपी आणून दिली. देताना तिच्यावरची राख झटकली आणि फटीकडे बोट दाखवलं.

हिरूबाय दुसऱ्या दिवशी साहेबांकडे आली. "करा वाट वाकडी," म्हणाली. "वारा ऐकत नाय, तर मानसानं ऐकावं. आनि मामाला सांगू नका, मी हो बोलली."

वाट वळवली, फटीत झाडं लावली. पण ते वर्ष अर्धंच पिकलं. मुकादम आला, अर्धं शेत पाहून त्यानं दोन बोटं दाखवली आणि म्हणाला, "एक साल बचा है, गोविंदभाई." गोविंदकाका 'हो' म्हणाले. मला ते 'हो' अजिबात आवडलं नाही.

•

तिसऱ्या हिवाळ्यात झाडं पंधरा फुटांवर गेली आणि वरच्या कचेरीतून मोठे साहेब आले. बोंबलांचा अभ्यास करणारे हेच असावेत, असा मला संशय होता, कारण आल्या आल्या त्यांनी जेवणाची चौकशी केली. त्यांच्यासोबत वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र होतं. एका दांड्यावर चार वाट्या. वारा आला की वाट्या फिरतात आणि काटा हलतो.

गोविंदकाकांच्या शेतात, झाडांच्या मागे, यंत्र उभं केलं. सगळा गाव जमला. वाट्या हलल्या नाहीत. मोठ्या साहेबांनी दांडा हलवला. नाही. वाटीला टिचकी मारली. एक वाटी अर्धी फिरली आणि थांबली. नाडकर्णीसाहेबांचा चेहरा आनंदानं फुलला होता. तीन वर्षं ते ज्याच्यासाठी वाळूत लोळले, ते समोर उभं होतं. वाल फुलांनी भरले होते आणि एक पाकळी हलत नव्हती.

मोठे साहेब म्हणाले, "नाडकर्णी, यंत्र बिघडलं आहे."

"नाही साहेब, वाराच नाही."

"समुद्रकाठी वारा नाही? काय सांगता!"

गोविंदकाकांनी आपल्या ठेवणीतल्या आवाजात सांगून पाहिलं, लखमानं झाडांकडे बोट दाखवून पाहिलं. उपयोग झाला नाही. यंत्र पेटीत गेलं. अहवालात त्यांनी लिहिलं: "पट्ट्याचा परिणाम तपासता आला नाही. यंत्र नादुरुस्त."

नाडकर्णीसाहेब दोन दिवस ओळींतून एकटेच हिंडत होते. मला त्यांचं फार वाईट वाटलं. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाले, "अहवाल जाऊ द्या हो. गोविंदकाकांचे वाल घरात पडू देत, म्हणजे झालं."

•

आणि वाल पिकले! शेंगा हाताला लागतील तिथे. गोविंदकाकांनी काढले, वाळवले, झाडांच्या मागेच खळं केलं आणि काठीनं झोडपले. दाणे आणि भुसकट ह्यांचा कमरेएवढा ढीग झाला. आता फक्त उफणायचं राहिलं. तिवईवर उभं राहायचं, सूप डोक्यावर धरायचं आणि हळूहळू ओतायचं. वारा भुसकट घेऊन जातो, दाणे खाली पडतात. ह्या वाडीत कित्येक पिढ्यांचं काम हेच, आणि कधी कुणाला वाऱ्याची वाट बघावी लागली नव्हती.

गोविंदकाका तिवईवर चढले, सूप ओतलं. दाणे खाली पडले. भुसकटही दाण्यांवरच पडलं.

पुन्हा ओतलं. पुन्हा तेच. दुपार झाली, पलीकडे समुद्रावर वारा सुटल्याचा आवाज येत होता, सुरूचे शेंडे घुमत होते. खाली खळ्यावर गोविंदकाकांच्या मिशीतला भुसा हलत नव्हता. त्यांनी वाऱ्याला बोलवायला शीळ घातली. लखमानं धोतर झटकून वारा घातला. साहेबांनी टोपीनं घातला. मीही कचेरीतली फाइल घेऊन तासभर हलवली, आणि पसाभर वाल निघाले.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी गोविंदकाका तिवईवरून उतरले, सूप आपटलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, तुमी माजा वारा खाल्लात."

मुकादम त्याच आठवड्यात यायचा होता. तीन वर्षं झाडं जगवली, वाल आले, आणि हा माणूस आता भुसकटापायी कुदळ ठेवणार!

"एक झाड काढा," ते म्हणाले. "एकच."

"गोविंदकाका, फट पाडली तर काय होतं, ते तुम्हीच भोगलंय."

त्यांनी आपटलेलं सूप उचलून झटकलं. तेवढ्यात वाकड्या वाटेनं हिरूबाय आली. वर्षभर ह्या दोघांचं बोलणं नव्हतं. तिनं ढीग पाहिला, तिवई पाहिली, साहेबांच्या हातातली टोपी पाहिली आणि जे झालं होतं ते तिला कळलं. हसून हसून तिला खाली बसावं लागलं. मग डोळे पुसून, गोविंदकाकांकडे न बघता, लखमाला म्हणाली, "सांग त्याला. भुसा घेऊन ये म्हनावं आमच्या वाळूवर. तिकडं वारा पडलाय ढिगानं. पन वलांड्यांच्या मागच्या अंगाला उभा रा म्हनावं. माज्या बोंबलांवर एक कुसळ पडलं तर बघ."

गोविंदकाका लखमाला म्हणाले, "सांग तिला, मला कळतं कुठं उभं राहायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही टोपल्या वाहिल्या. साहेबांनी वाहिल्या, मी वाहिल्या, छत्रीवाल्या मामानंसुद्धा वाहिल्या. कोळणींनी जुनी शिडं अंथरून दिली. दुपारी तिवई मांडली, गोविंदकाका वर चढले आणि पहिलं सूप डोक्यावर नेलं. भुसकट उडालं आणि थेट सुरूच्या ओळीवर जाऊन बसलं. दाणे खाली पडले ते एकटे, स्वच्छ, टपटप आवाज करत. हिरूबाय वलांडीआडून बघत होती. तिनंच दुसरं सूप भरून वर दिलं. गोविंदकाकांनी ते घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं."

तेव्हा सायकलची घंटा वाजली. वाळूत सायकल चालेना, म्हणून मुकादम ती ढकलत आला, घामानं निथळत. तो तिवईशी येऊन थांबला.

"गोविंदभाई, तीन साल हो गए. टोली खड़ी है. आज चलना है कि नहीं, बोलो."

आम्ही सगळे थांबलो. साहेबांच्या हातातली टोपली तशीच राहिली.

गोविंदकाकांनी डोक्यावरचं सूप खाली आणलं नाही. त्यांनी फक्त मान वळवून समुद्राकडे बघितलं, गालावर वारा घेतला आणि म्हणाले,

"आज कसा येऊ, बाबा? आज वारा चांगला हाय."